पन्नासपैकी किती?

बिअरची परीक्षा घेण्यासाठी एक छापील कागद असतो. तो पहिल्यांदा माझ्या हातात पडला तेव्हा मला बँकेतल्या कर्जप्रकरणांची आठवण झाली. डावीकडे रकाने, उजवीकडे कमाल गुण, खाली बेरीज आणि परीक्षकाच्या सहीची जागा. वासाला १२ गुण, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. एकूण ५०. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या उपक्रमाचा हा तक्ता. घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या स्पर्धांत तो वापरतात. ४५ किंवा त्याहून जास्त गुण पडले तर बिअर अव्वल, ३८ ते ४४ म्हणजे उत्तम, आणि अगदीच टाकाऊ निघाली तरी सहसा १३ च्या खाली जायचं नाही, असा परीक्षकांचा शिष्टाचार. कुणीतरी मेहनत केलेली असते, त्या मेहनतीचे हे १३. आमच्या बँकेत असे १३ गुण द्यायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी उघडलेल्या पानावर हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर त्यात गैर काही नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे दारू हा शब्द फक्त दिवाळीत, आणि तोही 'शोभेची' हे विशेषण लावूनच उच्चारला जाई. आजही माझं पिणं वर्षातून दोन-तीन वेळांपलीकडे जात नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे त्यासाठीही परवाना लागतो, आणि तो खरोखर काढणाऱ्या मोजक्या भोळ्या लोकांत मी आहे. तो परवाना आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो. ज्या अनामिक अधिकाऱ्याला हे कारण सुचलं, त्याच्यातला लेखक सरकारी नोकरीत वाया गेला असं मला नेहमी वाटतं. तेव्हा पुढचं लिखाण पिण्याविषयी कमी आणि पारखण्याविषयी जास्त आहे, एवढं सांगून पुढे जातो.

तो कागद मला दिला आमच्या जावयांनी. ते हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला इंजिनिअर आहेत. घरच्या गॅरेजमध्ये ते बिअर बनवतात, ही माहिती लग्न ठरवताना आम्हाला मिळाली नव्हती. २०१७ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी ते म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला एक मठ दाखवतो." आमच्या सौभाग्यवती मठ म्हटल्यावर लगेच तयार झाल्या. तिथे काय मिळतं ते त्यांना गाडी हायवेला लागल्यावर सांगण्यात आलं.

बेल्जियमच्या पार पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या हद्दीजवळ वेस्टव्हलेटेरन नावाचं खेडं आहे. वाटेत ईपर गाव लागतं. तिथल्या मेनिन गेट या कमानीवर पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची नावं कोरली आहेत आणि त्यांत हिंदुस्थानी नावांच्या ओळी आहेत. त्या वाचण्यात आमचा अर्धा तास गेला. पुढे पॉपेरिंगे गावाच्या आसपास हॉप्सच्या बागा सुरू होतात. बिअरला कडवटपणा आणणारा हा वेल. लांबून आमच्या तासगावकडच्या द्राक्षबागांसारखं वाटतं, पण इथे मांडव नसतो. वीस फूट उंच खांब, आणि त्यांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या तारा. मे महिन्यात वेल कमरेपर्यंत चढले होते.

या बागांच्या मधोमध सिंट सिक्स्टस मठ आहे. स्थापना १८३१ ची. बिअर बनते १८३९ पासून. इथले संन्यासी ट्रॅपिस्ट पंथाचे. फ्रान्समधल्या ला ट्राप मठात सतराव्या शतकात जी कडक शिस्त सुरू झाली, तिच्यावरून हे नाव पडलं. प्रार्थना, जमेल तेवढं मौन, आणि आपलं पोट आपल्या हातांच्या कष्टावर भरायचं, हा त्यांचा नियम. भिक्षा नाही, देणग्यांच्या पेट्यांवर भिस्त नाही. म्हणून कुठल्या मठात चीज बनतं, कुठे बिअर. 'ट्रॅपिस्ट' असा अधिकृत शिक्का बाटलीवर लावायचा तर बिअर मठाच्या आवारातच, संन्याशांच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि पैसा मठाच्या चरितार्थासाठी व दानधर्मासाठीच गेला पाहिजे. हे नियम सांभाळणारा मठांचा संघ १९९७ साली स्थापन झाला.

इथे तीन प्रकारची बिअर बनते. त्यांतली पिवळ्या बुचाची, '१२' या आकड्यानं ओळखली जाणारी, ती जगप्रसिद्ध. हा आकडा टक्क्यांचा नाही. आंबवण्यापूर्वी रस किती घट्ट होता, ते मोजण्याच्या जुन्या बेल्जियन मापावरून तो आला. अल्कोहोल १०.२ टक्के. बाटली ३३० मिलिलिटरची; म्हणजे एका बाटलीत व्हिस्कीच्या लहान अडीच पेगांहून थोडा जास्तच ऐवज झाला. सावकाश पिण्याची वस्तू आहे.

२००५ साली इंटरनेटवर बिअरला गुण देणाऱ्या 'रेटबिअर' नावाच्या मंडळींनी हिला जगातली सर्वोत्तम बिअर ठरवलं. त्या उन्हाळ्यात मठाबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या, साठा संपला आणि संन्याशांना विक्री थांबवावी लागली. माझ्यातल्या बँक अधिकाऱ्याला ही कथा इथून पुढे कळेनाशी होते. मागणी अशी उसळलेली असताना मालकानं काय करावं? दुसरी भट्टी टाकावी, तिसरी पाळी सुरू करावी. असा ग्राहक आमच्या शाखेच्या हद्दीत असता तर विभागीय कार्यालयानं मला कर्जाचा अर्ज घेऊन त्याच्या दारात उभं केलं असतं. संन्याशांनी मागणीपाठोपाठ उत्पादन वाढवलंच नाही. आपला खर्च भागेल एवढी बिअर बनते, मग आणखी कशासाठी बनवायची, हा त्यांचा हिशेब. उलट त्यांनी विक्रीवर बंधनं घातली. आधी फोन करून वेळ घ्यायची, गाडीचा नंबर सांगायचा, दिलेल्या दिवशी त्याच गाडीनं यायचं, आणि पुढचे साठ दिवस त्या नंबरांवर पुन्हा मागणी करायची नाही. विकत घेतलेली बिअर पुन्हा विकू नये, असं पावतीवर छापलेलं. फोनऐवजी संगणकावरची नोंदणी आली ती २०१९ मध्ये.

एकदाच त्यांनी हात सैल सोडला. मठाची इमारत जुनी झाली होती आणि नवं बांधकाम करायला पैसा हवा होता. तेव्हा २०११ च्या नोव्हेंबरात बेल्जियममधल्या सुपरमार्केटांतून आणि २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतून सहा बाटल्या व दोन पेल्यांची खोकी विकली गेली. काम भागलं, विक्री बंद. इतकं स्वच्छ कर्जप्रकरण मी नोकरीत पाहिलं नाही. त्यात बँकच नव्हती.

हे सगळं जावई गाडी चालवता चालवता सांगत होते. परत जातानाही गाडी त्यांनाच चालवायची असल्यामुळे ते पिणार नव्हते. सासऱ्यानं जावयासमोर पेला उचलायचा की नाही, या प्रश्नाचा मी रात्रभर विचार केला होता. समोर पेला माझ्या एकट्याचाच येणार, हे कळल्यावर प्रश्न सुटला की वाढला, ते अजून सांगता येत नाही.

मठाच्या आत जाता येत नाही. समोर 'इन दे व्हरेडे' नावाचा कॅफे आहे. नावाचा अर्थ 'शांततेत'. आपल्याकडच्या परमिट रूमचा अंधार इथे नाही. मोठाल्या खिडक्या, सायकलवरून आलेली म्हातारी जोडपी, खुर्च्यांखालून रांगणारी मुलं, प्लेटमध्ये मठातलं चीज. आमच्या सौभाग्यवतींनी चहा मागवला आणि इकडेतिकडे बघून "हे बरं आहे" असा शेरा दिला. माझ्यासमोर रुंद तोंडाचा, आखूड दांड्याचा पेला आला. शेजारी बाटली, तिच्यावर लेबल नाही, सगळा मजकूर बुचावर.

मी पेला तोंडाकडे नेऊ लागलो तशी जावयांनी खूण केली. "आधी वास, बाबा. पिऊ नका."

"नैवेद्यासारखं," सौभाग्यवती म्हणाल्या.

बाटली हाताला नुसती गार लागत होती, बर्फासारखी थंडगार नाही. ही बिअर १२ ते १६ अंशांच्या दरम्यान द्यायची असते. फार थंडीनं जीभ बधिर होते आणि वास द्रवातच अडकून राहतो. बिअर जितकी थंड तितकी चांगली या आपल्या समजुतीमागचं खरं कारण तेव्हा मला उमगलं: सुमार बिअरची सगळी पापं बर्फ झाकतो. ओततानाही तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवायचा, कारण त्यात यीस्टचा गाळ असतो. बाटली बंद केल्यावरही आतलं यीस्ट जिवंत असतं आणि थोडं आंबवण्याचं काम बाटलीतच पुरं होतं. पेला स्वच्छ हवा. तेलातुपाचा अंश राहिला की फेस बसतो. ओठांची लाली लावलेली बाई प्यायली तरी बसतो.

मग पेला हलकेच फिरवून नाक आत घालायचं. पहिल्या दोन-तीन हुंगण्यांत जे सापडेल ते लगेच लिहायचं, कारण नाकाला वासाची सवय फार लवकर होते आणि मग काहीच कळेनासं होतं. मी हुंगलं. काहीतरी ओळखीचं होतं आणि नाव सुचत नव्हतं. जावयांनी दिलेल्या इंग्रजी यादीत अंजीर, प्लम, मनुका, टॉफी, लवंग असे शब्द होते. मी परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावल्यासारखा त्यांतले दोन उचलले. तेवढ्यात सौभाग्यवतींनी पेला आपल्याकडे ओढला, एकदा वास घेतला आणि परत सरकवला.

"अहो, हे गुऱ्हाळ आहे."

तेच होतं. चुलवाणावरची काहील, काकवी होऊ घातलेला रस, वर सुटलेली वाफ. पुढे जावयांकडून कळलं की बाईंनी नुसत्या नाकानं बिअरची कृती ओळखली होती. बिअर काळी दोन वाटांनी होते. स्टाउट नावाचा जो प्रकार आहे त्यात बार्ली कॉफीसारखी काळी होईपर्यंत भाजतात. वेस्टव्हलेटेरनच्या या बिअरमध्ये धान्य बहुतेक फिकंच असतं. काळेपणा येतो तो साखर तापवून, जाळत आणून केलेल्या गडद पाकामुळे. तिकडे ती साखर बीटाची असते. पण साखर आटवून काळपट होत जाते तेव्हा जे घडतं, ते फ्लँडर्समध्ये आणि पन्हाळ्याच्या पायथ्याशी एकच.

बाकीचा चमत्कार यीस्टचा. ते इथे वेस्टमाल या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठातून आणतात. केळ्याचा भास, लवंगेची हलकी झणझण, सुक्या फळांचा वास, यांतलं काहीही बिअरमध्ये घातलेलं नसतं. यीस्ट साखर खाता खाता हे सुगंधी पदार्थ तयार करतं. पिकलेल्या केळ्यातलं रसायन आणि बिअरमधलं रसायन एकच असतं, म्हणून नाक फसत नाही. ते खरंच सांगत असतं.

मग घोट. तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा. गोड जिभेच्या टोकाला आणि कडू मागे, असा नकाशा आपण शाळेत शिकलो होतो. तो चुकीचा आहे, सगळ्या चवी थोड्याफार सगळ्या जिभेला कळतात. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे परीक्षक गिळतात, कारण कडवटपणा मागाहून येतो आणि किती वेळ रेंगाळतो ते पाहायचं असतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडायचा. इथे खरी गंमत आहे. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग हा घशाकडून नाकात मागच्या दारानं शिरलेला वास असतो. सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती त्यामुळेच.

पहिला घोट गोड वाटला, पण गोडवा थांबला नाही. सुरुवातीला काळी मनुका आणि खजूर, मध्ये पोळीच्या भाजलेल्या पापुद्र्यासारखं काहीतरी, आणि घोट उतरल्यावर तोंड जवळजवळ कोरडं. इतकी ताकदवान बिअर घशात जळजळली पाहिजे होती. ती नुसती छातीत कोमट झाली. या जातीच्या बिअरमध्ये सगळ्यात अवघड गोष्ट हीच मानतात. साखरेचा पाक इतका असून चिकट लागायची नाही, अल्कोहोल इतकं असून टोचायचं नाही. आपल्याकडे 'स्ट्राँग' बिअर कशी मोजतात ते सगळ्यांना माहीत आहे. किती रुपयांत किती चढली. त्या मोजमापात चवीला गुण शून्य.

यानंतर मला एक वेगळाच नाद लागला. इंग्रजी यादी बाजूला ठेवून मी मराठी शब्द लिहू लागलो. जावई थक्क झाले, आणि खरं सांगायचं तर मीही झालो. वासाला आणि चवीला आपल्याकडे किती शब्द आहेत! खमंग, खरपूस, करपट, धुरकट, उग्र, आंबूस, तुरट, खवट, कुबट, उबट, ओशट, हिरवट, मातकट. बिअरच्या दोषांची नावं इंग्रजीत रसायनांची आहेत आणि परीक्षकांना ती ओळखायचा सराव करावा लागतो. डायअसिटाइल नावाचा दोष असला की बिअरला लोण्याचा वास येतो आणि ती जिभेवर तेलकट घसरते. आपण 'ओशट' म्हणून मोकळे होतो. बिअर कच्ची राहिली की कच्च्या सफरचंदाचा वास येतो, तो 'हिरवट'. उन्हात राहिलेल्या बाटलीला ते स्कंकचा वास म्हणतात. तो प्राणी आपल्याकडे नाही, त्यामुळे तिथे मात्र माझी मराठी थांबली. आणि 'खरपूस' व 'करपट' या दोन शब्दांमधली जी रेघ आहे, ती प्रत्येक मराठी गृहिणीला तव्याशेजारी उभी असताना दिसते. काळ्या बिअरची सगळी परीक्षा त्या एका रेघेवर उभी आहे. ही बिअर खरपूसच्या अलीकडे थांबली होती.

आता रंग. पेल्यातली बिअर काळपट तपकिरी होती, उजेडासमोर धरली की कडेला लालसर. तिला मी दिसण्याचे तीनपैकी तीन दिले आणि मगच माझ्या लक्षात आलं की दिसण्याला पन्नासांत तीनच गुण आहेत. का, ते जावयांनी सांगितलं. काळी म्हणजे कडक, ही समजूत जगभर आहे आणि ती साफ चूक आहे. काळीभोर गिनेस नळावरची ४.२ टक्क्यांची असते. वेस्टमालची सोनेरी ट्रिपल ९.५ टक्क्यांची. डोळा जिभेला कसा फसवतो त्याचा बोर्दोमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. वास घेऊन वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी राखलेले शब्द वापरले. शिकलेली नाकं होती ती. म्हणून तक्ता करणाऱ्यांनी डोळ्याला तीन गुण देऊन कोपऱ्यात बसवलं.

पेला अर्ध्यावर आला होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "ते गुऱ्हाळ आठवतंय का? आपण हिला घेऊन गेलो होतो, दोन वर्षांची होती." आठवत होतं. न आठवून चाललं नसतं.

१९९१ साली मी पन्हाळा तालुक्यातल्या एका शाखेत होतो. तिथल्या एका शेतकऱ्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. आम्ही आधी पाहुणे म्हणून गेलो, नंतर त्याचा कर्जाचा अर्ज आला म्हणून मी पाहणीला गेलो. चुलवाणात चिपाडं जळत होती. गुळव्या काहिलीवरची मळी काढत होता, मधूनच रानभेंडीचं पाणी सोडत होता. पाक आला की नाही ते पाहायला त्यानं थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली, मान हलवली. कुठलंही यंत्र नाही, कागद नाही. मालकानं केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम काकवी माझ्यासमोर धरली. "खाऊन बघा की, सायेब." मी खाल्ली. दोनदा मागून खाल्ली.

अडचण रंगाची होती. कोल्हापूरच्या सौद्यात गुळाचा भाव रंगावर ठरतो; जितका पिवळा तितका वर. त्यामुळे रस उकळताना त्यात हायड्रोस नावाची पावडर टाकायची रीत पडली होती. तिनं गूळ सोन्यासारखा दिसतो. तो रंग टिकतही नाही, काही दिवसांनी गूळ पुन्हा काळवंडतो. पण तोवर सौदा झालेला असतो. हा माणूस पावडर टाकत नव्हता. "रंग आणायचा म्हणजे चव मारायची, सायेब. मग गूळ कशाला म्हणायचं त्याला?" त्याचा गूळ तांबूस-काळा निघायचा आणि सौद्यात खाली जायचा. त्याला नवा चरक आणि नवी काहील घ्यायला मुदत कर्ज हवं होतं.

आमच्याही कागदावर रकाने होते. तारण, व्यवस्थापन, परतफेडीची क्षमता, बाजारातला दर. मी अडत्याच्या तीन हंगामांच्या पट्ट्या जोडल्या, दराच्या रकान्यात खरे तेच आकडे भरले, आणि बेरीज मंजुरीच्या आकड्याच्या चार गुणांनी खाली आली. चवीसाठी रकाना नव्हता. शिफारस नाही, असं लिहून मी सही केली. हिशेबात एक पैशाची चूक नव्हती, म्हणून हे प्रकरण कुठल्याही तपासणीत निघालं नाही. दोन हंगामांनी ते गुऱ्हाळ बंद पडलं आणि ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला. आज पुण्या-मुंबईत तसाच काळपट, बिनरसायनाचा गूळ पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात जास्त पैसे मोजून विकत घेतात. आमच्याही घरी येतो.

हे मी जावयांना सांगितलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, मठातलं चीज पुढे केलं.

त्या दिवशी मी दिलेल्या गुणांची बेरीज ४२ झाली. जावयांनी जुन्या अनुभवावरून ४७ दिले होते. माझा कागद पाहून ते म्हणाले, "बाबा, पाच गुण कुठे कापलेत ते तरी लिहा. नुसते कापायचे नसतात." त्या तक्त्यात प्रत्येक रकान्यापुढे मोकळ्या ओळी असतात, आणि गुणांपेक्षा त्या ओळी महत्त्वाच्या मानतात, बनवणाऱ्याला पुढच्या वेळी उपयोग व्हावा म्हणून. मी त्या कोऱ्या ठेवल्या होत्या.

कॅफेच्या दुकानातून आम्ही सहा बाटल्या घेतल्या. परदेशातून येताना दोन लिटर मद्य जकातीशिवाय आणता येतं. सहा बाटल्यांचे १.९८ लिटर होतात. हा हिशेब मी विमानतळावर तीनदा केला. चार बाटल्या मित्रांत आणि पाहुण्यांत संपल्या. दोन मी कपाटात, उजेडापासून दूर, उभ्या ठेवल्या. ही बिअर वर्षानुवर्षं बदलत राहते असं ऐकलं होतं.

मधल्या काळात २०१८ साली हॉलंडमधल्या एका सुपरमार्केटनं ती बिअर मठाच्या संमतीशिवाय कित्येक पट किमतीला विकायला ठेवली आणि संन्याशांनी जाहीर नापसंती दर्शवली, असं वाचलं. मग कोव्हिड आला, मी निवृत्त झालो. २०२५ च्या सुरुवातीला 'रेटबिअर' बंद झालं. ज्यांनी हिला पहिला नंबर दिला त्यांचं दुकान उठलं. मठाची भट्टी चालू आहे.

२०२३ च्या डिसेंबरात मी पाचवी बाटली उघडली. बुचावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. फेस आला तो पातळ, आणि मिनिटभरात बसला. दिसण्याचा एक गुण गेला. वासात पहिल्यासारखी केळ्या-लवंगेची लगबग नव्हती. खजूर होता, जुना मध होता, आणि पार खाली ओल्या पुठ्ठ्याची एक पुसट रेघ. हा हवा लागून जुनी झालेल्या बिअरचा ठरलेला दोष. या वेळी मी ओळी कोऱ्या ठेवल्या नाहीत. चव मात्र खोल गेली होती. कडवटपणा मावळला होता, गोड आणि आंबट यांच्यामध्ये चिंचगुळाच्या सारासारखं काहीतरी तयार झालं होतं. मी वीसपैकी अठरा दिले. आमच्या सौभाग्यवतींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "आता गुऱ्हाळ बंद झाल्यावरचा वास आहे."

कागद भरून झाला तेव्हा पाठीमागे तसाच एक कोरा तक्ता उरला होता. मी त्यावर तारीख घातली, फेब्रुवारी १९९१, आणि नमुन्याच्या जागी 'काकवी' असं लिहिलं. वास, बारापैकी अकरा: ऊस, धूर, किंचित रानभेंडी. दिसणं, तीनपैकी एक, सौद्याच्या नियमानं. तोंडातला स्पर्श, पाच. चव, वीसपैकी एकोणीस. तो एक का कापला, त्यासमोरची ओळ बराच वेळ कोरी राहिली. मग तिथे 'सवय' असं लिहिलं.